नवशिक्याचा गळा: भजनी मंडळ की तानपुरा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाणं सुरू करायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. गावातल्या भजनी मंडळात बसायचं, नाहीतर घरी तानपुरा लावून रोज सा धरायचा.

मंडळात भीड चेपते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. टाळ-पखवाजाच्या ठेक्यात लय अंगात मुरते, अभंग आपोआप पाठ होतात. पण पट्टी, म्हणजे सा किती उंच धरायचा ते, बुवांची, तुमची नव्हे. ती बहुधा चढी, त्यात टाळांचा गजर. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून नवखा माणूस गळा ताणतो आणि सकाळी घसा बसतो. सूर सुटला तरी घोळक्यात कळत नाही.

तानपुऱ्यापुढे लपायला जागा नसते. मोबाइलवरचा फुकट तानपुराही चालेल. पुरुषांनी काळी १ (पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी कळ), बायकांनी काळी ४-५ च्या आसपास चाचपावं आणि घसा मोकळा राहील ती पट्टी धरावी. पोटातून श्वास, 'आ'कारात लांब सा, मग हळूहळू मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. कंटाळा येतो, खरं आहे.

मी आधी तानपुराच सांगेन, दोनतीन महिने तरी. मग मंडळात जरूर जा. कुमार गंधर्व (जन्म १९२४) आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे; रागदारीच्या रियाजावर उभी राहिलेली त्यांची निर्गुणी भजनं ऐका.

आवाज दोनतीन आठवडे घोगराच राहिला, तर काढे पीत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.