कार्बोरेटर गेला नव्हता, नळी फुटली होती

महिना-दोन महिने उभी राहिलेली जुनी गाडी. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. मेकॅनिक एअर क्लीनर काढतो, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) तोंडात चमचाभर पेट्रोल ओततो, इंजिन चार-पाच सेकंद धडधडतं आणि बंद पडतं. "बघितलंत? कार्बोरेटर गेला!" मग कार्बोरेटर 'कामाला' जातो आणि चकचकीत होऊन येतो. फक्त येतो तो दुसराच, स्वस्तातली नक्कल. मूळ कार्बोरेटर, ज्याला जुन्या गाड्यांचे शौकीन चांगले पैसे मोजतात, परस्पर विकलेला असतो.

ओतलेल्या पेट्रोलवर इंजिन पेटलं, याचा अर्थ करंट येतोय, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचत नाही. कुठे अडलंय, ते त्यावरून कळतच नाही.

ते असं शोधायचं. चोक, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची झडप, उघडा धरून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने हलणारी कळ) ओढा. कार्बोरेटरमध्येच छोटा अॅक्सिलरेटर पंप असेल तर पेट्रोलची बारीक धार दिसायला हवी. धार आली तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, भरलेला आहे. मग जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तपासा. नाही आली तर इंजिन थंड असताना टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या फ्युएल पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी काढून बाटलीत सोडा, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरकडून काढून इंजिनाच्या धातूला घट्ट जोडा (अर्थ करा) आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याला जोरदार पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारा निडल व्हॉल्व्ह चिकटलाय का ते बघा.

पिचकाऱ्या नसल्या तरी लगेच पंप बदलू नका. पंपाच्या इनलेटला तोकडी नवी नळी लावून ती पेट्रोलच्या डब्यात बुडवा. आता पंप ओढत असेल तर दोष मागे आहे: टाकीतला गंज, तुंबलेला फिल्टर, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं हवेचं भोक किंवा तडकलेली रबरी नळी. ही शेवटची फार फसवी. तिथे दाब नसतो, ओढ असते. पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत शिरते, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं.

अशी नळी तडकलेली गाडी वर्कशॉपमधून मात्र झकास निघते, कारण फ्लोट चेंबर हाताने भरलेला असतो. काही दिवस उभी राहिली, चेंबर सुकला, की मूळ दुखणं परत.

कार्बोरेटर उतरवू देण्याआधी त्यावरच्या नंबराचा फोटो काढा आणि हाच परत हवा, हे कामाच्या पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला मेकॅनिक कचरला, तर गाडी ओढून दुसरीकडे न्या.