महाट्रॅफिकवरची ई-चलन तक्रार : शाळेपुढच्या नो पार्किंगसाठी कितपत कामाची?

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवल्याचं चलन मोबाइलवर आलं, तर दाद मागायची पहिली जागा म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा ई-चलनाचं संकेतस्थळ. भलत्याच गाडीचं चलन तुमच्या नावावर पडलं असेल तर ही सोय चांगली. ‘दोनच मिनिटं थांबलो होतो’ एवढंच म्हणणं असेल तर तक्रार लिहायचे कष्ट वाचवा.

संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरची शेवटची चार अक्षरं टाकली की चलनं दिसतात. दंड भरण्याआधी फोटो उघडा, कारण एकदा भरलं की गुन्हा तडजोडीने मिटला असं धरलं जातं आणि मग भांडायला काही उरत नाही. फोटो मोठा करून नंबरप्लेट वाचा. 8 आणि 3, 0 आणि D यांची गल्लत होते. मग मॉडेल, रंग, तारीख, वेळ, ठिकाण.

‘पाटीच नव्हती’ हा सगळ्यांचा आवडता मुद्दा ऐन फाटकाशी टिकत नाही. शाळा किंवा रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी पार्किंगला नियमानेच मनाई आहे, पाटी असो वा नसो. फाटकापासून पुढे, निव्वळ पाटीच्या जोरावर चलन झालं असेल तर मात्र पाटी नीट बघा. निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ म्हणजे पार्किंग मना. लाल फुली म्हणजे थांबणंही मना. मुलाला उतरवायला थांबल्याचा बचाव फुलीच्या पाटीखाली करूच नये. पाटीवर वेळ किंवा सम-विषम तारीख असेल तर ती चलनाशी ताडून बघा. इथे खरोखर चुका सापडतात. पाटी फांदीआड असेल तर चालकाला दिसते तशी, रस्त्यावरून फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून फिरवलेल्या प्रतीतून वेळ-ठिकाणाची नोंद गळते, तेव्हा मूळ फाइलच जोडा.

तक्रारीत निबंध नको. ‘फोटोतली गाडी पांढरी हॅचबॅक, माझी निळी सेदान. फोटोत शेवटचा आकडा 3, चलनात 8. आरसीची प्रत जोडली आहे.’ बस्स. मुलाला उशीर होत होता, पाऊस होता, बाकीच्याही गाड्या उभ्या होत्या, यातलं काहीही चलन रद्द करवत नाही.

या सेवेची कच्ची बाजू उत्तरात आहे. तक्रार नाकारली तर सविस्तर कारण मिळेल अशी आशा धरू नका. पुढचा मार्ग न्यायालयाचा. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात, गेलं असेल तर तिथे दंड भरण्याचा किंवा प्रकरण लढवण्याचा पर्याय निवडता येतो. पाटीमागे अधिसूचना, म्हणजे अधिकृत सरकारी आदेश, आहे का, हीच शंका असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून तिची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.

एवढा खटाटोप 500 रुपयांसाठी? राज्यात डिसेंबर 2021 पासूनच्या दरांनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500, पुन्हा तोच गुन्हा झाला तर 1500. चूक तुमची नसेल तर पहिलंच चलन रद्द करून घेणं म्हणून परवडतं.

आणि चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नका, ती फसवणूक असते. ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नेच संपतो.