स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचे पिकअप बदलावेत का? ब्रिजचा एकच पिकअप बदलल्यानंतरचा अनुभव

सांगली परिसरात गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर मी जी गिटार वाजवतो, ती फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या पद्धतीची, तीन सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची आणि मध्यम किमतीची आहे. पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा चुंबक आणि वेटोळ्याचा भाग. तिच्या ब्रिजजवळचा (घोडीजवळचा) पिकअप काढून मी सेमूर डंकन कंपनीचा हॉट रेल्स हा पिकअप बसवला, त्याला आता एक पावसाळा आणि एक दिवाळी उलटून गेली. पिकअप उत्तम आहे. मात्र तिन्ही पिकअप बदलण्याचा मूळ विचार मी सोडून दिला, आणि तो का सोडला हे सविस्तर सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण चांगल्या प्रतीचा पूर्ण संच घेतला तर अशा गिटारच्या निम्म्या किमतीएवढा खर्च सहज होतो.

माझ्या तक्रारी तीन होत्या: नेक (मानेजवळच्या) पिकअपचा आवाज दबलेला येई, ब्रिजचा पातळ आणि टोचणारा येई, आणि मंचावर सतत हम, म्हणजे विजेची घुमणारी गुणगुण, ऐकू येई. यांतील पहिल्या तक्रारीचा पिकअपच्या दर्जाशी काहीही संबंध नव्हता. मल्टिमीटर लावला तेव्हा तिन्ही पिकअपचा रोध सहा किलोओमच्या आसपास, म्हणजे सिंगल-कॉइलला साजेसा, निघाला. नेक पिकअप मात्र तारांना जवळजवळ भिडलेला होता. पोल पीस (तारेखालचे धातूचे खुंट) स्वतःच चुंबक असलेले पिकअप इतके जवळ आले की ते तारेला खेचतात, तिचे कंपन बिघडते, आणि जाड तारेवर वरच्या फ्रेटला (पडद्याला) एकाच सुरात दोन सूर भांडत असल्यासारखे ऐकू येते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, जाड ई तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक ई तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर अंतर ठेवले, आणि तोच पिकअप मोकळा बोलू लागला. लांब केबलही बदलली. साधारण केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे दहा मीटर केबल वरची तीक्ष्णता बरीच खाऊन टाकते. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत तारा लवकर काळवंडतात, आणि जुन्या तारांवर कोणताही पिकअप ऐकून निर्णय घेणे व्यर्थ आहे.

मिरजेत सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी लावताना मी पाहिले आहे. भोपळा तोच, तारा त्याच, पण घोडीचा माथा किंचित घासला की सबंध वाद्याचा आवाज पालटतो. गिटारच्या बाबतीतही आधी उंची, तारा आणि केबल, आणि मगच पिकअप, असा क्रम मी आग्रहाने सुचवीन.

हमचा प्रश्न निराळा आहे. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्यावर दिव्यांच्या डिमरमुळे येणारी चरचर बरीच कमी झाली. परंतु ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहिल्यावर येणारा ५० हर्ट्झचा हम तसाच राहिला, कारण तो चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरतो आणि तांब्याची पातळ पट्टी त्याला अडवू शकत नाही. येथे उपाय हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपचाच. दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि दोन्हींच्या चुंबकांची ध्रुवीयता उलट, त्यामुळे तारेचा संकेत एकमेकांत मिळतो आणि हम एकमेकांना छेदतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी याच रचनेच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला होता. हॉट रेल्समध्ये हीच रचना सिंगल-कॉइलच्या आकारात बसवलेली आहे, म्हणून गिटारचे लाकूड कोरावे लागले नाही.

जोडणी करताना तारांच्या रंगांकडे अत्यंत काळजीपूर्वक पाहावे. सेमूर डंकनमध्ये काळी तार संकेताची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला; डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपमध्ये संकेताची तार लाल असते. दुसऱ्या कंपनीचा नकाशा समोर ठेवून सोल्डर करू नये. ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ आणि लहान आला, तर दोघांचे फेज उलट आहेत, म्हणजे त्यांचे संकेत एकमेकांना छेदत आहेत, असे समजावे, आणि काळी व हिरवी यांची अदलाबदल करावी. उघडी तार मात्र ग्राउंडवरच ठेवावी. माझ्या गिटारमध्ये अशी अदलाबदल करावी लागली.

डिस्टॉर्शनमध्ये (अ‍ॅम्पच्या फाटलेल्या, खरखरीत आवाजात) या पिकअपला तोड नाही. सूर भरीव येतो, लांबतो, आणि सोलो वाजवताना कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीतूनही वर राहतो. मंचावर फक्त ब्रिज लावलेला असताना आता हम जवळजवळ नाहीच. क्लीन आवाजात मात्र त्याचे मध्य स्वर पुढे येतात आणि वरची चमक कमी होते. जुन्या चित्रपटगीतांतील खणखणीत ऱ्हिदमसाठी मी तो एकटा कधीच वापरत नाही. ब्रिज आणि मधला मिळून स्ट्रॅटचा जो खास कोरडा, टणत्कारी आवाज निघे, तोही पूर्वीसारखा राहिला नाही. हा तोटा खरा आहे, आणि त्या आवाजावर ज्याचे वादन उभे आहे त्याने हा पिकअप घेऊ नये. चार तारांची जोडणी असल्यामुळे स्विच लावून एकच कॉइल चालू ठेवता येते, पण तसे केले की हमही परत येतो. या पिकअपच्या आवाजाची पातळी इतर दोघांपेक्षा फार जास्त असल्याने तो बराच खाली उतरवावा लागला. स्विच बदलताना बसणारा धक्का त्यानंतर सुसह्य झाला.

नेक आणि मधला पिकअप मी बदलणार नाही. हंबकरला ५०० किलोओमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करण्याचे बटण) चांगला असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु माझ्या गिटारमध्ये तिन्ही पिकअपना २५० किलोओमचा एकच पॉट आहे, आणि तो बदलला तर उरलेले दोन सिंगल-कॉइल गरजेपेक्षा तीक्ष्ण होतील. ब्रिजसाठी कमी पडणारी तीक्ष्णता मी अ‍ॅम्पवरचा ट्रेबल किंचित वाढवून मिळवतो.