अटीभंगाची शिक्षा: अपील करावे की भोगून मोकळे व्हावे?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने तुरुंगवासानंतर देखरेखीखाली सोडलेल्या माणसाने अमली पदार्थांसाठीची लघवीची तपासणी चुकवली किंवा देखरेख करणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याला न कळवता घर बदलले, तर देखरेखीची अट मोडल्याबद्दल न्यायाधीश त्याला पुन्हा तुरुंगात धाडू शकतात. या आदेशाविरुद्ध अपिलाची सूचना 14 दिवसांत द्यावी लागते. त्यामुळे निर्णय घाईतच घ्यावा लागतो.

‘अट मोडलीच नाही’ हा मुद्दा अपिलात क्वचितच टिकतो, कारण येथे ज्युरी नसते, संशयातीत पुराव्याचीही गरज नसते आणि साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे वरचे न्यायालय सहसा नव्याने ठरवत नाही. खरे बळ शिक्षेमागच्या कारणांत असते. उपचार मिळावेत म्हणून तुरुंगवास वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये टापिया खटल्यात सांगितले. मूळ गुन्ह्याबद्दल अद्दल घडवण्याचा विचारही अशी शिक्षा ठरवताना करता येत नाही, असे 2025 मध्ये एस्टेरास खटल्यात सांगितले. म्हणून सुनावणीचा शब्दशः वृत्तान्त मागवून न्यायाधीश नेमके काय बोलले ते ओळन्‌ओळ वाचावे. मात्र अशा कारणाला वकिलाने त्याच वेळी हरकत घेतली नसेल, तर अपिलाची वाट बरीच अवघड होते.

शिक्षा भोगून मोकळे होण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेळेचा आहे. अपील महिनोन्‌महिने चालते आणि तोवर जामीन मिळणे कठीण असते. सहा महिन्यांची शिक्षा निकालाआधीच संपते आणि पुढे देखरेख उरली नसेल, तर अपील निरर्थक ठरून फेटाळले जाते. चांगल्या वर्तणुकीची सूट, वर्षाला 54 दिवसांपर्यंत, एका वर्षाहून अधिक शिक्षेलाच मिळते. त्यामुळे 12 महिने आणि एक दिवस ही शिक्षा प्रत्यक्षात 12 महिन्यांपेक्षा लवकर संपू शकते. शिक्षेचा हिशेब मांडताना हे जरूर पाहावे.

अपील केल्यास शिक्षा वाढेल, ही भीती मी अनेक कुटुंबांत पाहिली आहे. सरकारने स्वतः अपील केले नसेल तर वरचे न्यायालय आपणहून शिक्षा वाढवू शकत नाही, हे 2008 च्या ग्रीनलॉ निकालाने स्पष्ट केले आहे. ऐपत नसल्यास न्यायालय वकीलही नेमून देते.

माझ्या मते शिक्षा काही महिन्यांचीच असेल आणि पुढे देखरेख नसेल, तर अपिलाचा आग्रह धरू नये. शिक्षा दोन वर्षांच्या आसपास असेल आणि वृत्तान्तात वरीलपैकी एखादे कारण दिसत असेल, तर सूचना अवश्य दाखल करावी. वृत्तान्त हाती येण्याआधीच मुदत संपत असेल, तरीही सूचना द्यावी; अपील पुढे मागे घेता येते.