रस्त्याकडेची रानफुलं: बी पेरायचं की कापणी थांबवायची?

सोसायटीसमोरची किंवा वस्तीतल्या रस्त्याकडेची एखादी पट्टी देशी रानफुलांसाठी ठेवायचं तुमचं ठरलं असेल, तर मे महिन्यातच एक प्रश्न समोर येतो. बी गोळा करून पेरायचं, की जे उगवतं ते उगवू देऊन फक्त कापणी थांबवायची? पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्ही काही जणांनी दोन्ही करून पाहिलं. फाटकासमोरची 40 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद पट्टी पेरली. मागच्या गल्लीत, टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, साधारण तेवढीच पट्टी नुसती राखली. याला आता तीन पावसाळे झाले. तुमची जमीन वेगळी असेल तर हिशेबही थोडा वेगळा येईल, पण आम्हाला जे दिसलं ते सांगतो.

एक तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवू या. रानफुलांचं बी म्हणून जी तयार पाकिटं मिळतात, त्यांत बरेचदा कॉसमॉस असतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर सप्टेंबर-ऑक्टोबरात जो पिवळा-केशरी पट्टा दिसतो आणि जिथे गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, तो बहुतेक याचाच. दिसायला सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण तो एकदा शिरला की कमरेच्या वर वाढतो आणि खालच्या केना, आभाळी अशा बुटक्या देशी रानफुलांना ऊनच मिळत नाही. देशी फुलं राखायची असतील तर ते पाकीट उघडू नका.

आता पेरणी. तिचा मोठा गुण म्हणजे माणसं जोडली जातात. ऑक्टोबरात आमच्याकडची मुलं तेरड्याचं बी गोळा करायला गेली, तो दिवस मला अजून आठवतो. तेरड्याचं बोंड पिकत आलं की फुगतं, फिकट हिरवं होतं, अंगावर बारीक लव असते. त्याला बोट लागायचा अवकाश, ते फट्कन उघडतं, बोंडाच्या साली आत वळून गोळा होतात आणि बिया चारी दिशांना उडतात. पहिल्या दहा बोंडांतलं एकही बी हाती लागलं नाही. मग एकीने ओढणीचा पदर खाली धरला आणि दुसऱ्याने वरून बोंडं चिमटीत दाबली, तेव्हा कुठे मूठभर काळं बी जमलं. कुर्डूचं सोपं, वाळलेला तुरा कागदावर झटकला की चमकदार काळे दाणे पडतात. रानतिळाच्या शेंगाही घेतल्या. सगळं आपल्याच आसपासचं, प्रत्येक झाडाचं थोडंच. संरक्षित पठारांवरून बी आणायचा मोह मात्र टाळा. तिथलं बी तिथेच पडायला हवं, आणि ते आपल्या मातीत रुजेलच असंही नाही.

पेरणी केली की कुठे काय येणार हे ठाऊक असतं. फाटकासमोर फुलं दिसली की तक्रारी कमी होतात. पहिल्या भाद्रपदात तिथे तेरडा फुलला आणि ज्यांच्याकडे तेरड्याची गौर असते अशा दोन घरांनी तिथूनच रोपं नेली. तेव्हा मला वाटलं होतं की आपण योग्य रस्त्यावर आहोत.

तरीही माझं मन फिरलं, ते मातीमुळे. पट्टीत मुरूमच फार, असं म्हणून आम्ही 2 ब्रास लाल माती मागवली आणि सात सेंटिमीटर जाडीचा थर दिला. वर शेणखत टाकलं. बागेसाठी सगळे हेच करतात. पण त्या मातीतून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जी हिरवळ आली, ती निम्म्याहून जास्त गाजरगवताची होती. कोवळं असताना जमिनीला चिकटून पसरलेला चक्राकार गुच्छ, कातरलेली पानं. आम्हाला ओळखायलाच आठवडा लागला. जुलै आणि ऑगस्टचे सगळे रविवार ते उपटण्यात गेले. फुलायच्या आत, मुळासकट काढावं लागतं, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. हातमोजे घालूनही माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं आणि ते महिनाभर गेलं नाही. त्यात उपटताना शेजारचं तेरड्याचं रोपही हलतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. भारतात या तणाची शास्त्रीय नोंद झाली तीच पुण्यातून, 1956 साली. तेव्हापासून उकरलेली, उघडी, मोकळी माती म्हणजे त्याचं हक्काचं घर. त्यावर जगणारे मेक्सिकन भुंगे 1984 मध्ये भारतात सोडले गेले आणि पावसाळ्यात ते पानांची चाळण करतातही, पण आमच्या पट्टीत ते येईपर्यंत झाडं फुलावर आलेली असायची.

मागच्या गल्लीत आम्ही काहीच उकरलं नव्हतं, आणि तिथे गाजरगवत अगदी कडेला, गटाराच्या खोदकामाजवळ तेवढं आलं. फरक इतका डोळ्यांत भरणारा होता की मोजायची गरज वाटली नाही. मला समजलं ते असं: आपली पुष्कळशी रानफुलं हलक्या, उथळ, कसहीन जमिनीवर जगायला शिकलेली आहेत. कासच्या पठारावर जांभ्यावरचा मातीचा थर किती पातळ आहे ते ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे सांगायला नको. मुरुमाला सुपीक केलं की उंच गवताला आणि तणाला आमंत्रण मिळतं.

राखलेल्या पट्टीत पहिल्या वर्षी फारसं काही दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जूनमध्ये केना, मग थोडी आभाळी, ओलसर खळग्यात कवला. लोक विचारायचे, फुलं कुठे आहेत? शिवाय गणपतीच्या दोन दिवस आधी, सफाईची मोहीम म्हणून ठेकेदाराचा माणूस मशीन घेऊन आला आणि सगळं जमिनीलगत कापून गेला. तेरड्याला कळ्या होत्या. त्या दिवशी मी फार खचलो होतो. पण त्याचीही चूक नव्हती, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी आम्ही फळी लावली: "इथे रानफुलं राखली आहेत. कापणी दिवाळीनंतर." रस्त्यालगतची दोन फूट कडा मात्र दर पंधरा दिवसांनी कापून घेतली. त्याने दोन गोष्टी झाल्या. साप-विंचवाची भीती वाटणाऱ्यांना चालायला मोकळी जागा मिळाली, आणि नीट कापलेली कडा पाहून तिथे कचरा टाकणं थांबलं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे, हे दिसावं लागतं.

त्याच श्रावणात समोरच्या इमारतीतल्या आजी पत्री शोधत आल्या. आघाडा, माका, दूर्वा मिळालं. मग त्या खाली वाकल्या आणि गवतात बोट घालून म्हणाल्या, "अरे, ही बघ विष्णुक्रांत! मी बाजारात मागते तर भलतंच काहीतरी देतात." नखाएवढं निळं फूल, जमिनीला टेकलेलं. आम्ही रोज तिथून जात होतो आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. असं फूल पेरायचं आम्हाला सुचलंच नसतं. कडेची रुई आम्ही तोडली नाही, तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या. फुलपाखरं मध प्यायला कॉसमॉसवरही बसतात, पण अळीला तिचं ठरलेलं झाड लागतं.

म्हणून तुमच्या पट्टीत थोडीफार जुनी जमीन शिल्लक असेल, तर माझं मत राखण्याकडे झुकतं. एक पावसाळा काहीही न करता नुसतं पाहा. इमारतीचा राडारोडा टाकून भरलेली जागा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खाली बीच नसतं आणि पेरल्यावाचून इलाज नाही. मग माती मागवू नका, खत घालू नका. दाताळ्याने वरवर ओरखडा, मेच्या शेवटी बी वाळूत मिसळून विखरा आणि हाताने दाबा, नाहीतर अर्धं मुंग्या नेतात आणि उरलेलं पहिल्या मोठ्या सरीत गटारात जातं. गाजरगवत आधीच माजलं असेल तर कृषी विद्यापीठं टाकळ्याचं, म्हणजे विदर्भातल्या तरोट्याचं, बी टाकायला सांगतात. तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो. आम्ही आता फाटकासमोर तेच करतोय.

अमेरिकेत टेक्सासचं महामार्ग खातं रस्त्याकडेला रानफुलांचं बी पेरतं म्हणून प्रसिद्ध आहे. पण फुलांनी बी धरेपर्यंत ते कापणीही लांबवतं, हे कमी सांगितलं जातं. आपल्याकडे यासाठी पैसाही लागत नाही, कापणाऱ्याला एक तारीख द्यावी लागते. आमच्या ठेकेदाराला आम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतरची दिली आहे. कापलेलं गवत तो तीन-चार दिवस तिथेच वाळू देतो, बी खाली झडतं, आणि मग गाडीत भरून नेतो. गेल्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला होता, "साहेब, ती जांभळी फुलं अजून आहेत, आठवडाभर थांबू का?"