पाच लिटरचा पफचा जग: उन्हाळाभर वापरून आणि तोरणमाळला नेऊन आणल्यावर

बाकी सगळं नंतर, आधी तोटी. या जगाची तोटी बुडापासून चांगली दोन बोटं वर बसवली आहे. त्यामुळे शेवटचं तांब्याभर पाणी आपणहून कधीच बाहेर येत नाही. जग तिरका करावा लागतो, तोही दोन्ही हातांनी, मग पेला धरायला दुसरं माणूस लागतं. आणि बर्फ वितळून गेला की तळाचं पाणीच सगळ्यात गार असतं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले, नेमकं तेच आत अडकून बसतं. जळगावच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे फार लागतं मनाला.

पाच लिटर, बाहेरून प्लास्टिक, आत स्टील, मध्ये उष्णता अडवणारा पफ म्हणजे फोम, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मार्चअखेर घेतला, साडेअकराशेला. घेण्याचं कारण सरळ होतं. प्रवासात वीस-वीस रुपयांच्या बाटल्या घेणं मला पटत नाही, आणि त्या बाटल्या पुढे कुठल्या नाल्यात जातात तेही दिसतं. एप्रिलभर जग गच्चीवर असायचा. बिबड्या-कुरडयांचं वाळवण चालू असताना सारखं खाली उतरून पाणी प्यायला जाणं होत नाही. तेव्हा मी शेजारणींना सांगत होते, डोळे झाकून घ्या.

बर्फाबद्दल एक सांगते, कारण बरेच जण ट्रेमधले चुरा झालेले तुकडे टाकतात आणि मग जगाला नावं ठेवतात. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापेल. खरी ताकद बर्फात आहे, पफ फक्त ती सांभाळतो. म्हणून स्टीलच्या डब्यात पाणी गोठवून एकच मोठा ठोकळा टाकायचा. लहान तुकड्यांना सगळीकडून पाणी लागतं, ते लवकर विरघळतात. आणि झाकण सारखं सारखं उघडायचं नाही.

मेमध्ये आम्ही दोघंच तोरणमाळला गेलो, नंदुरबार जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी. मुलं बाहेरगावी, ह्यांना कामातून मोकळीक मिळाली होती, आणि महाबळेश्वरच्या गर्दीत जाऊन रांगेत उभं राहायची आमची दोघांचीही इच्छा नव्हती. चोपडा, शिरपूर, शहादा असा रस्ता घेतला. सातपुडा उजव्या हाताला सोबत असतो, पण गारवा काही देत नाही. चोपड्याच्या पुढे गाडीच्या काचेला हात लागला तरी चटका बसत होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा बरोबर होता, तो झाडाखाली खाल्ला. पहाटे भरलेला जग, आत ठोकळा, आणि शहाद्याला पोचलो तरी आत बर्फ वाजत होता. ह्यांनी पेला भरून गटागटा प्यायला आणि म्हणाले, "तू घेतलेल्या वस्तूंत ही सगळ्यात कामाची." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

म्हसावद, राणीपूर मागे पडलं आणि घाट सुरू झाला. सात पायरी घाटाची वळणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे, तिथे मागच्या सीटवरची वस्तू जागेवर राहत नाही. जग मी दोन उशांमध्ये घट्ट बसवला होता, हलला नाही. पण वर पोचून उशी उचलली तर पाण्यानं जड झालेली. तोटी बंद असूनही टिपकत होती. खटका दाबून पाहिला, फिरवून पाहिला, पुसून पाहिला. एक थेंब फुगायचा, थोडा वेळ लोंबकळायचा आणि पडायचा, की मागे दुसरा तयार. मुक्कामाच्या खोलीत रात्रभर तोटीखाली वाटी ठेवली आणि सकाळी वाटी काठोकाठ भरलेली होती.

तोरणमाळबद्दल मात्र एकही तक्रार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंची. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे शहाद्याला अंग भाजत असताना वर संध्याकाळी ओढणी अंगावर घ्यावीशी वाटते. सीताखाईचा धबधबा पावसाळ्याचा, मेमध्ये नुसता कोरडा कडा, पण दरी इतकी खोल की आम्ही दोघं बराच वेळ न बोलता उभे होतो. खडकी पॉइंटवरून सातपुड्याच्या रांगा एकामागे एक फिकट होत जाताना दिसतात. यशवंत तलावात भर उन्हाळ्यातही पाणी होतं. सकाळी त्याच्या काठाने चाललो. लग्नानंतर एवढं निवांत चालणं फार कमी वेळा झालंय आमचं. आणि घराघरांपुढे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. आमचूर! पांढरट फोडींच्या कडा उन्हाने वळून तांबूस झालेल्या, जवळून गेलं तरी तोंडाला पाणी सुटावं असा आंबट वास. एका आजींकडून किलोभर घेतला. त्यांनी सांगितलेल्या भावात मी घासाघीस केली नाही, कारण कैरी पाडण्यापासून सोलून, कापून, वाळवण्यापर्यंतचं काम मला समोर दिसत होतं.

परत आल्यावर कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, आणि माझं मत फिरलं ते तिथे. जगाला वर्षाची वॉरंटी, पण तोटीला नाही. का नाही? तर "तो झिजणारा भाग आहे, मॅडम". मग सुटं रबर द्या. सुटं मिळत नाही, अख्खी तोटी घ्यावी लागेल, 180 रुपये, वर कुरिअरचे 90. दोनशे सत्तर रुपये एका थेंबासाठी! मी म्हटलं, झिजणारा भाग आहे हे तुम्हाला माहीत आहे, तर तो भाग सुटा विकायला काय अडचण आहे? फोन दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला आणि चौथ्या दिवशी "तक्रारीचे निराकरण झाले" असाही आला. कोणी काहीही केलेलं नव्हतं. त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

मग जग घेऊन फुले मार्केटकडे गेले. तिथे कुकर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दादांनी तोटी खोलून माझ्या हातात दिली. आतल्या वायसरवर पांढरा खरखरीत थर बसला होता. क्षार. आमच्या भागात बोअरचं पाणी, बादलीला, गिझरला, नळाला सगळीकडे हाच थर. वायसर फाटला नव्हता, थरामुळे नीट टेकत नव्हता, तेवढ्या फटीतून पाणी झिरपायचं. "काही व्हयेल नही ताई, क्षार जमेल से," दादा म्हणाले. तरी नवा वायसर टाकून दिला, दहा रुपयांत. तेव्हापासून एक थेंबही गळलेला नाही. आता महिन्यातून एकदा तोटी खोलून लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवते, मग जुन्या टूथब्रशने घासते. लिंबाच्या आंबटात तो थर विरघळतो. बोअरचं पाणी असेल त्यांनी हे पहिल्या महिन्यापासूनच करा.

म्हणजे गळती वस्तूची नाही, पाण्याची होती, आणि त्याचा दोष मी जगाला देत नाही. पण पुस्तिकेत क्षाराबद्दल एक ओळ नाही. खानदेशात, मराठवाड्यात किती घरांत असं पाणी येतं, हे जग विकणाऱ्यांना माहीत नसेल का? आणि तोटी दोन बोटं वर आहे ती आहेच, त्याला लिंबू चालत नाही.

पावसाळ्यात जग कपाटावर गेला नाही. ह्यांच्या शेतात मजुरांना पाणी न्यायला रोज जातो. आपटला, चिखलात पडला, हँडलजवळ ओरखडे आले, पण पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं. थंडपणाला पाचपैकी पाच, तोटीला दोन, कंपनीच्या फोनला शून्य.

दुकानात घेताना झाकण उघडून हात आत घाला आणि तोटीचं भोक तळापासून किती वर आहे ते बोटाने मोजा. एका बोटापेक्षा वर असेल तर दुसरा मॉडेल बघा. कंपनीला मी मेल केला आहे: वायसर सुटा विकायला ठेवा, आणि पुस्तिकेत क्षार काढायची रीत छापा. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.