दगडी बंधारा की वाळूची टेकाडं: किनाऱ्यावरच्या गावाने काय निवडावं?

पावसाळ्यात उधाणाचं पाणी माडांच्या मुळाशी आलं की ग्रामसभेत बंधाऱ्याची मागणी होते. मागणी रास्तच, पण तिची वेळ फसवी. कोकणात पावसाळी लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू ओढून उथळ पाण्यात नेतात आणि दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र त्यातली बरीचशी परत आणून टाकतो. म्हणून जुलैतल्या फोटोवर काहीच ठरवू नका. पक्की खूण करून तिथपासून झाडोऱ्याच्या कडेपर्यंतचं अंतर दर मे महिन्यात मोजा. एका मेपासून पुढच्या मेपर्यंत घट होतच राहिली, तर ती खरी धूप.

दगडी बंधारा घर आणि रस्ता लगेच वाचवतो, हे त्याचं मोठं बळ. पण दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते. पुळण अरुंद होते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजारच्या वाडीची जमीन तुटायला लागते. ऑलिव्ह रिडले कासवीण भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते. समोर दगड आले की ती आल्यापावली परत फिरते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला आणि होड्या चढवायलाही जागा उरत नाही. दगडांवर कालवं धरतात हे खरं, पण वाळूत राहणाऱ्या खेकड्या-शिंपल्यांची भरपाई त्याने होत नाही.

वाळूची टेकाडं आणि त्यांवर मर्यादवेल, केवडा हा उपाय स्वस्त, पण सावकाश. त्याला मोकळी जागा लागते आणि गाड्या व वाळूउपसा बंद ठेवावा लागतो. (वाळूउपसा बंद ठेवणं हे लावणीपेक्षा अवघड!) भरतीरेषेला चिकटून सुरूची बनं मात्र नकोत; त्यांच्या मुळांनी कासवांची जागा अडते. खाडीचं मुख सरकत असेल किंवा जेटीमुळे वाळू अडली असेल, तर नुसत्या वेलीने काही थांबणार नाही. कांदळवन खाडीतच शोभतं, उघड्या पुळणीवर लावू नये.

माझा कौल असा: घरं लाटेच्या तोंडाशी आणि मोजणीत कायमची घट, तर बंधारा घ्या, पण तेवढ्याच लांबीचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपलीकडचीही मोजणी चालू ठेवून. मागे मोकळी जागा असेल तर टेकाडंच. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर बंधारा अगदी शेवटचा पर्याय. कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूची टेकाडं सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांतल्या) सर्वांत कडक वर्गात येतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न निधी मागण्याआधीच सोडवा.